चिंचोका कुठून आणला?

एम.फार्म.च्या तोंडी परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. समोर जाडजूड प्रबंध असतो. आत चिंचोक्याच्या, मेथीच्या, भेंडीच्या नाहीतर गवारीच्या गोंदापासून केलेली गोळी असते, जी औषध बारा तास हळूहळू सोडते. विद्यार्थिनी आलेख दाखवते. रेषा सुरेख चढत गेलेली असते. मी विचारते, "हा चिंचोका कुठून आणलास?"

"मॅडम, लोकल मार्केटमधून."

"कुठल्या गावच्या? यंदाचा की गेल्या सालचा? भाजून सोललेला की कच्चाच?"

इथे मुलगी गप्प होते आणि मार्गदर्शकांकडे बघते. तिचा दोष नसतो. हे प्रश्न आधी कुणी विचारलेलेच नसतात. प्रबंधात गोळी किती कठीण, किती ठिसूळ, पहिल्या तासात किती टक्के औषध सुटलं, सगळं दशांश चिन्हापर्यंत लिहिलेलं असतं. ज्या बीमुळे हे सगळं घडलं, त्या बीबद्दल एक ओळ असते: स्थानिक बाजारातून खरेदी केली.

मी आधी एका औषध कंपनीच्या फॉर्म्युलेशन विभागात होते आणि मग औषधनिर्माणशास्त्र शिकवायला लागले. दोन्हीकडचं पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. नैसर्गिक गोंदांच्या जेलवर आपल्या महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या काम चाललं आहे, पण माझ्यासमोर आलेल्या प्रबंधांतलं एकही जेल औषधाच्या दुकानापर्यंत पोचलेलं मी पाहिलेलं नाही. मुलांची हुशारी कमी पडत नाही आणि यंत्रंही पुष्कळ ठिकाणी बरी आहेत. काम अडतं ते कच्च्या मालावर, म्हणजे त्या एका ओळीवर.

जेल औषधात काय करतं, हे आधी सांगायला हवं. सब्जा पाण्यात टाकला की प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण फुगतं. गोळीत योग्य गोंद मिसळलेला असला तर पोटात हेच होतं. बाहेरचा थर भिजून फुगतो, त्याचं जेल होतं आणि आतलं औषध त्या जेलमधून वाट काढत बाहेर येतं. पाणी जसजसं आत शिरतं तसतसं पुढचं औषध मोकळं होतं. त्यामुळे रक्तात औषधाचा एकदम लोंढा येत नाही, आणि चार तासांनी ते संपूनही जात नाही.

मधुमेहाची मेटफॉर्मिनची 'एसआर', म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, गोळी लाखो घरांत आहे. अशा गोळ्यांत बहुधा हायप्रोमेलोज असतो. लाकडाच्या लगद्यातलं किंवा कापसातलं सेल्युलोज घेऊन त्यावर रासायनिक प्रक्रिया करून तो बनवतात. कधी कधी शौचात गोळीसारखा मऊ आकार दिसतो आणि माणूस घाबरतो, की गोळी पचलीच नाही. औषध तोवर निघून गेलेलं असतं, मागे राहतो तो जेलचा सांगाडा. मात्र हीच गोळी मोठी आहे, गिळवत नाही म्हणून कुटून दिली, तर दिवसभर पुरायचं औषध थोड्या वेळात अंगात जातं. पाकिटावर एसआर, ईआर, एक्सआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी कुटू नका, चावू नका, आणि डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारल्याशिवाय तोडूही नका. ही सूचना पाकिटावर ठळक मराठीत छापायला हवी, हे माझं आणखी एक जुनं मागणं आहे.

गोळीपेक्षा जेलची खरी गरज मला डोळ्यात दिसते. माझ्या सासूबाईंना काचबिंदू आहे. त्यांना टिमोलॉलचे थेंब दिवसातून दोनदा घालायचे होते. सकाळचे थेंब चुकत नसत. संध्याकाळी दिवाबत्ती, हरिपाठ, नातवंडांचं जेवण यांत दुसरी वेळ निघून जाई. काचबिंदू बहुधा दुखत नाही, त्यामुळे थेंब राहिल्याची आठवण शरीर करून देत नाही. नजर मात्र कडेनं कमी होत जाते आणि गेलेली परत येत नाही.

थेंब वेळेवर घातला तरी त्याचं होतं काय? बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात एरवी असणारं पाणी सातच्या आसपास. म्हणजे थेंबाचा मोठा भाग गालावर ओघळतो, बाकीचा अश्रुनलिकेतून नाकात उतरतो. डोळ्याच्या आत पोचतं ते पाच टक्क्यांहूनही कमी. नाकावाटे रक्तात गेलेलं टिमोलॉल नाडी मंद करू शकतं आणि दमेकऱ्याचा श्वास अडवू शकतं. तेव्हा थेंब डोळ्यावर टिकून राहणं ही सोयीपुरती गोष्ट राहत नाही, तिच्यावर रुग्णाची सुरक्षितता अवलंबून असते.

१९९३ मध्ये अमेरिकेत टिमोलॉलचं एक नवं रूप आलं. बाटलीत ते पातळच असतं. डोळ्यात पडलं की अश्रूंतल्या सोडियममुळे त्याचं जेल होतं. दिवसातून एकदाच घालायचं. त्यातला गोंद म्हणजे जेलन, १९७८ मध्ये शोधलेला आणि जिवाणूंकडून बनवून घेतला जाणारा. कल्पना साधी आणि फार सुंदर आहे: माणसाच्या अश्रूतल्या मिठालाच कामाला लावायचं. सासूबाईंना डॉक्टरांनी पुढे दिवसातून एकदाच घालायचे, डोळ्यात घट्ट होणारे थेंब लिहून दिले. घातल्यावर क्षणभर धूसर दिसतं अशी त्यांची तक्रार असते आणि ती खरी आहे, जेलमुळे तसं होतं. पण सकाळी एकदा थेंब घातले की दिवसाची काळजी मिटते.

आता चिंचोक्याकडे येते, कारण या कामासाठी निसर्गानं आपल्या दारात ठेवलेली ती वस्तू आहे. घोंगडी विणणाऱ्या घरांत चिंचोक्याची खळ आजही माहीत आहे. सुताला ती लावली की ताणा मजबूत होतो. ही खळ म्हणजे झायलोग्लुकन नावाच्या गोंदाचं पाण्यातलं रूप. ग्लुकोज, झायलोज आणि गॅलॅक्टोज अशा तीन साखरांची ही लांब साखळी आहे. तिची ठेवण आपल्या डोळ्यातल्या, नाकातल्या नैसर्गिक श्लेष्म्याच्या ठेवणीशी मिळतीजुळती आहे, म्हणून ती ओल्या त्वचेला चिकटून राहते, पण टोचत नाही की जळजळत नाही.

हे ज्ञान परदेशातून आलेलं नाही. टी. पी. घोष आणि एस. कृष्ण या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये जाहीर केलं, की सोललेल्या चिंचोक्यात ४६ ते ४८ टक्के जेल बनवणारा पदार्थ आहे. तो शुद्ध करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं ते मुंबईच्या पेक्टिन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीतल्या डॉ. जी. आर. सावूर यांनी. मुरंबे आणि जेली घट्ट करायला तो उत्तम ठरला. म्हणजे सुरुवात आपली होती.

पुढचं मात्र दुसरीकडे घडलं. जपानमध्ये चिंचेची बागायत नाही, पण तिथल्या उद्योगानं चिंचोक्याचा शुद्ध गोंद दशकानुदशकं अन्नात वापरला आणि त्याचा दर्जा सातत्यानं राखला. तिथल्याच संशोधकांनी दाखवलं, की या गोंदातलं काही गॅलॅक्टोज विकरानं छाटलं की तो एक विलक्षण गुण दाखवतो: थंड असताना पातळ, आणि शरीराच्या उबेत जेल. मियाझाकी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गुदमार्गे द्यायच्या औषधासाठी आणि २००१ मध्ये डोळ्यात घालायच्या पिलोकार्पिनसाठी असे जेल तपासले. इटलीत पिसाच्या संशोधकांनी चिंचोक्याचा गोंद डोळ्यांच्या थेंबांत आणला आणि कोरड्या डोळ्यांसाठी असे कृत्रिम अश्रू युरोपात बाजारातही आले. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं हा गोंद अन्नात वापरायला सुरक्षित ठरवला. रोजच्या सेवनाला आकड्याची मर्यादा घालायची गरजही त्या समितीला वाटली नाही.

त्यांना जमलं ते आपल्याला का जमलं नाही? विद्यार्थ्याच्या टेबलावर काय होतं ते बघा. चिंचोका भाजून किंवा भिजवून त्याचं टरफल काढतात. गर दळतात. पीठ थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडतात, शिजवतात, रात्रभर ठेवतात. वरचं पाणी काढून त्यात अल्कोहोल ओतलं की गोंदाचे पांढरट धागे वर येतात. ते वाळवून चाळले की झाला 'पॉलिमर'. पद्धत चुकीची नाही. पण चिंचोका जास्त भाजला गेला असेल तर गोंदाच्या साखळ्या तुटतात आणि चिकटपणा उतरतो. टरफलाचे कण राहिले तर त्यातलं टॅनिन आत येतं, रंग तांबूस होतो. जुना साठवणीतला चिंचोका असेल तर त्यात कीड, बुरशी, आणि गरातल्या तेलाला आलेला खवट वास. गोंद म्हणजे साखरच, सूक्ष्मजीवांना ती फार आवडते. दुसऱ्या वर्षी दुसरा विद्यार्थी दुसऱ्या दुकानातून चिंचोका आणतो, तीच कृती करतो, आणि त्याच्या गोळीतून बारा तासांऐवजी सात तासांत औषध सुटतं. दोघांचे प्रबंध मंजूर होतात. दोन्ही निकाल शेजारी ठेवून 'असं का?' हा प्रश्न कुणी विचारत नाही.

कंपनीत असताना आम्हाला हेच पहिल्यांदा विचारलं जाई. शंभराव्या घाण्यातली गोळी पहिल्या घाण्यातल्या गोळीसारखीच वागेल का? ज्या गोंदाचा चिकटपणा दर पोत्याला बदलतो, त्याच्या भरवशावर कुठलाही जबाबदार माणूस हृदयविकाराचं किंवा काचबिंदूचं औषध बांधणार नाही. मी तरी नाही बांधणार.

डोळ्याच्या औषधाला तर आणखी एक कसोटी असते. ते निर्जंतुकच हवं. १२१ अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटं वाफेत ठेवलं की बऱ्याच गोंदांचा चिकटपणा घटतो. किती घटतो आणि तो दर वेळी तेवढाच घटतो का, हा अभ्यास किचकट आणि कंटाळवाणा आहे, म्हणून प्रबंधांत तो क्वचित दिसतो. टिकाऊपणाचंही तेच. ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने औषध ठेवून पाहावं लागतं. आपल्या प्रबंधाची मुदत, सारांश मंजूर होणं, यंत्राची वाट बघणं, परीक्षा, या सगळ्यांतून सहा महिने सलग उरतच नाहीत.

'नैसर्गिक आहे, मग अपाय काय होणार?' असं पुष्कळदा ऐकू येतं, शिकलेल्या लोकांकडूनही. या समजुतीला माझा कडवा विरोध आहे. गवारीचा गोंद जगात सर्वांत जास्त भारतात होतो. २००७ मध्ये युरोपात पोचलेल्या भारतीय गवार गोंदात पेंटाक्लोरोफिनॉल आणि डायॉक्सिन सापडलं. त्यानंतर युरोपीय संघानं आपल्या मालावर तपासणी-प्रमाणपत्राची सक्ती केली. गवारीच्या शेंगेत विष नव्हतं, ते नंतर माणसाच्या हातून मिसळलं गेलं.

औषधाच्या कच्च्या मालाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत महाराष्ट्रानं मोजली आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, कारण त्यांना दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं त्याची चौकशी केली. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची मुलं खोकल्याच्या औषधातल्या त्याच विषानं गेली. त्यांतल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. म्हणून गोंद कुठून आला, कुणी साठवला, कशात मिसळला, हे विचारणं मला परीक्षकाची हौस वाटत नाही. औषध बनवणाऱ्याचं ते पहिलं कर्तव्य आहे.

माझ्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. हायप्रोमेलोज स्वस्त आहे, दर्जा पक्का आहे, जगभर मान्य आहे. मग चिंचोक्यामागे कशाला लागायचं? साध्या पोटात घ्यायच्या गोळीपुरतं हे मला मान्य आहे. तिथे चिंचोका जिंकणार नाही आणि केवळ स्वदेशी म्हणून त्याला पुढे रेटण्यात अर्थ नाही. मेटफॉर्मिनची आणखी एक गोळी, डायक्लोफेनॅकची आणखी एक गोळी, हे विषय आता बंद करावेत असं मी उघडपणे म्हणते. नैसर्गिक गोंदांची खरी जागा वेगळी आहे. डोळा, नाक, तोंडातल्या जखमा, जिथे ओल्या नाजूक त्वचेवर औषध टिकवायचं आहे, तिथे चिंचोका. मोठ्या आतड्यात औषध पोचवायचं असेल तर गवार, कारण तिचा गोंद जठरात आणि लहान आतड्यात फारसा तुटत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू मात्र तो खातात आणि मग औषध मोकळं होतं. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातल्या कृष्णय्या आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्येच हे दाखवलं, निरोगी माणसांच्या पोटात गोळीचा प्रवास गॅमा किरणांनी टिपून. समुद्रशैवालातलं अल्जिनेट छातीतल्या जळजळीच्या औषधात पोटातल्या आम्लावर तरंगणारा थर बनवतं, हे आपण कधीचं वापरतो आहोत. ज्या गोंदाचा गुण जिथे कामी येतो, तिथेच त्याला कामाला लावायचं.

महाराष्ट्रात हे करता येईल अशा सगळ्या गोष्टी आहेत, फक्त त्या एकमेकींना ओळखत नाहीत. बार्शी, लातूर, अहिल्यानगरच्या बाजारांत दर उन्हाळ्यात चिंच येते. बोटूक चिंच फोडून चिंचोका वेगळा करण्याचं काम बहुतांशी बायका करतात, वजनावर मिळणाऱ्या मजुरीनं, बोटं सोलपटून निघेपर्यंत. मराठवाड्यातल्या कृषी संशोधकांनी 'प्रतिष्ठान'सारखा चिंचेचा वाण दिला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकरांपासून जेलच्या विज्ञानावर काम झालं. मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ पासून उभी आहे. चिंच फोडणारी बाई, अडत्या, कृषी विद्यापीठ, औषधनिर्माण महाविद्यालय आणि माटुंग्याची प्रयोगशाळा यांना जोडणारा धागा मात्र कुणी ओवलेला नाही.

माझं म्हणणं असं आहे. विद्यापीठांनी प्रबंधाचा सारांश मंजूर करतानाच कच्च्या मालाची पूर्ण नोंद मागावी: झाडाचा वाण, गाव, हंगाम, टरफल कसं काढलं, ओलावा किती, चिकटपणा किती, सूक्ष्मजीव किती. त्याशिवाय पुढची पायरी नको. दुसरं, राज्यातल्या एखाद्या सक्षम संस्थेनं दर हंगामात एकाच ठिकाणचा, न भाजलेला, स्वच्छ वाळवलेला चिंचोका घेऊन त्याचा गोंद शुद्ध करावा, तपासावा आणि सगळ्या महाविद्यालयांना तोच पुरवावा. मग नांदेडच्या विद्यार्थिनीचा निकाल कोल्हापूरच्या विद्यार्थ्याच्या निकालाशी ताडून बघता येईल. एकानं निर्जंतुकीकरण अभ्यासावं, पुढच्या वर्षीच्यानं टिकाऊपणा, त्यापुढच्यानं प्राण्यांच्या डोळ्यावरचा परिणाम. आज प्रत्येक जण पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो आणि पहिल्याच पायरीवर पदवी घेऊन उतरतो. बिघडलेले घाणेही प्रबंधात छापले जावेत, कारण चांगल्या घाण्यापेक्षा बिघडलेला घाणा पुढच्याला जास्त शिकवतो. आणि या सगळ्यातून जो दर्जा ठरेल, तो गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगापुढे मांडावा.

याला फार मोठा निधी लागत नाही. चिकटपणा मोजायचं यंत्र, सूक्ष्मजीव तपासणी, थंड कोरडी साठवण, हे बऱ्याच ठिकाणी आधीच आहे. लागते ती सलग दहा वर्षं एकच काम चालू ठेवण्याची तयारी. चिंच फोडणाऱ्या बाईला यातून किती मिळेल याचं आश्वासन मी देणार नाही. पण औषधी दर्जाच्या मालाला कुठून आला, कुणी सोलला, कसा वाळवला याची नोंद लागते, आणि नोंद ठेवायची झाली की पहिल्या पायरीवरच्या माणसाचं नाव वहीत येतं, त्याच्या कामाला वेगळा दर मागता येतो. आज तिचा चिंचोका पोत्यात निनावी जातो.

येत्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. नवी गोळी करू नका. चिंचेचं एक झाड निवडा, त्याच्या मालकाचं नाव लिहा, सलग तीन हंगामांचा चिंचोका घ्या आणि त्यातल्या गोंदात काय बदलतं आणि काय बदलत नाही, एवढंच शोधून काढा. दोन वर्षांच्या पदवीत तीन हंगाम बसत नसतील, तर तिसरा हंगाम तुमच्या मागच्या वर्गाकडे सोपवा. असा प्रबंध माझ्यासमोर आला तर मी तो ओळ न् ओळ वाचेन आणि पूर्ण गुण देईन.